नाव कसलंही असो: कमांड लाइनवरच्या फायलींविषयी प्रस्तावना

फाइलला नाव देताना माणूस कमांड लाइनचा विचार करत नाही, आणि त्याने तो करावा अशी अपेक्षाही धरू नये. 'आजीच्या कविता (अंतिम, सुधारित).डॉक्स' हे नाव वाचलं की आत काय आहे ते कळतं. नावाचं काम तिथे संपलं. फाइल मॅनेजरमध्ये ही फाइल विनातक्रार उघडते, मेलला जोडली जाते, पेन ड्राइव्हवर जाते. तेच नाव टर्मिनलमध्ये जसंच्या तसं टंकलं की शेल, म्हणजे टंकलेली ओळ वाचणारा प्रोग्रॅम, कंसापाशीच अडून बसतं आणि व्याकरण चुकल्याचं सांगतं. मग कुणी नावाला बोल लावतो, कुणी टर्मिनलला. आणि एखादा जाणकार सल्ला देतो: नावात स्पेस ठेवू नका, कंस नकोत, शक्यतो इंग्रजीतच नाव द्या.

ही पुस्तिका त्या सल्ल्याच्या विरोधात आहे. नाव ज्याची फाइल त्याने हवं ते द्यावं. ते नाव अखंड, त्यात काहीही न मिसळता, कमांडच्या हाती पोचवणं हे कमांड लिहिणाऱ्याचं काम. त्यासाठी लागणारे नियम थोडे आहेत. पण ते का आहेत हे न समजता पाठ केले तर ऐन वेळी दगा देतात. म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

एक सूचना आधीच करतो. इथे सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. आरएम म्हणजे फाइल पुसणारी, एलएस म्हणजे यादी दाखवणारी, एमव्ही म्हणजे नाव किंवा जागा बदलणारी. प्रत्यक्ष टंकताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या. चिन्हं मात्र जशी दिसतात तशीच.

सुरुवात युनिक्सपासून करावी लागते, कारण आजचं लिनक्स आणि मॅक दोन्ही त्याच घराण्यातले. १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचं काम सुरू केलं, तेव्हा फाइलला नाव देणारा आणि ते टंकणारा माणूस एकच असे. पुढच्या काही वर्षांत डिरेक्टरीतली एक नोंद सोळा बाइटची झाली: दोन बाइट फाइलच्या अंतर्गत क्रमांकासाठी, उरलेले चौदा नावासाठी. चौदा अक्षरांत कोण कशाला स्पेस आणि कंस घालतो? नावं आखूड, लहान अक्षरांतली आणि सुटसुटीत असायची. १९८३ साली बर्कलीच्या ४.२ बीएसडीने ही मर्यादा २५५ बाइटपर्यंत वाढवली आणि तोच आकडा आजच्या लिनक्सवर चालू आहे.

नावात काय चालतं याचा नियम मात्र पहिल्यापासून अतिशय सैल राहिला. फाइलचं नाव म्हणजे बाइटची एक ओळ. त्यात दोनच बाइट निषिद्ध: एक तिरकी रेघ, कारण ती डिरेक्टरी वेगळ्या करते, आणि दुसरा शून्य किमतीचा बाइट, कारण सी भाषेत तो ओळ संपल्याची खूण असतो. बाकी सगळं चालतं. स्पेस, टॅब, तारका, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्हं, सुरुवातीलाच हायफन, इतकंच काय, नावाच्या मध्येच नवी ओळसुद्धा. कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, यातल्या कशाचंच सोयरसुतक नाही. त्याच्या लेखी ते अक्षरांचं नाव नाहीच, नुसते बाइट आहेत.

आज नावं देणारेही बदलले आहेत. व्हॉट्सॲपवरून संगणकावर उतरवलेल्या फोटोच्या नावात तारीख, वेळ आणि चांगल्या चार-पाच स्पेस असतात. तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवली की ब्राउझर शेवटी कंसात १ लावतो. म्हणजे टर्मिनल वापरणाऱ्याच्या पुढ्यात येणारी बहुतेक नावं त्याने दिलेलीच नसतात. 'नीट नाव द्या' हा सल्ला त्याच्या काय कामाचा?

खरी गोम शेलमध्ये आहे. आपण टंकलेली ओळ कमांडला थेट दिसत नाही. आधी शेल ती वाचतं, स्पेस दिसेल तिथे तोडतं, काही चिन्हांचा स्वतः अर्थ लावतं आणि मग सुटे झालेले शब्द कमांडच्या हवाली करतं. समजा एका फोल्डरमध्ये तीन फायली आहेत: 'बिल १.पीडीएफ', 'बिल' आणि '१.पीडीएफ'. पहिली पुसायची म्हणून कुणी लिहितो:

आरएम बिल १.पीडीएफ

शेल स्पेसवर ओळ तोडतं. आरएमला दोन नावं मिळतात, 'बिल' आणि '१.पीडीएफ'. दोन्ही फायली जागेवर आहेत, त्यामुळे दोन्ही निमूट पुसल्या जातात. जी पुसायची होती ती तशीच राहते. आमंत्रणाच्या यादीत 'अण्णा पाटील' लिहावं आणि वाटणाऱ्याने एक पत्रिका अण्णांकडे, दुसरी पाटलांकडे टाकून यावं, तसा हा प्रकार. आणि या दोन फायली फोल्डरमध्ये नसत्या तर निदान 'अशी फाइल नाही' असा निरोप तरी आला असता. इथे तोही येत नाही.

इलाज तीन आहेत आणि तिन्ही एकच गोष्ट सांगतात: हे सगळं मिळून एक नाव आहे. स्पेसच्या आधी बॅकस्लॅश द्यावा, किंवा नाव सिंगल कोटमध्ये घालावं, किंवा डबल कोटमध्ये. सिंगल कोटच्या आत शेल कशालाच हात लावत नाही. डबल कोटच्या आत डॉलर, बॅकटिक, बॅकस्लॅश यांसारख्या मोजक्या चिन्हांचा अर्थ ते लावतं. नावातच सिंगल कोट असेल तर डबल कोट घ्यावा. कोट बंद करायचा राहिला की शेल पुढच्या ओळीवर बाणासारखी खूण दाखवून वाट पाहत बसतं. नवशिके तिथे घाबरून खिडकीच बंद करतात. कंट्रोल-सी दाबलं की पुरतं. रोजच्या कामात तर याहून सोपं आहे: नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टंकून टॅब दाबावा. उरलेलं नाव शेल स्वतःच योग्य ते बॅकस्लॅश घालून पुरं करतं.

हाताने टंकताना चूक झाली तर ती एका फाइलपुरती. स्क्रिप्टमध्ये ती हजार वेळा होते. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या स्टीफन बॉर्न यांच्या शेलने व्हेरिएबलमधली किंमतही स्पेस, टॅब आणि नव्या ओळीवर तोडण्याची रीत घालून दिली. लिनक्सवर सर्रास वापरलं जाणारं बॅश हे शेल आजही तीच पाळतं. त्यामुळे $एफ आणि "$एफ" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याचे नावातल्या प्रत्येक स्पेसवर तुकडे होतात, दुसरं अखंड राहतं. मॅकवर २०१९पासून मूळ शेल म्हणून येणारं झेडशेल असे तुकडे करत नाही, पण त्या भरवशावर लिहिलेली स्क्रिप्ट सर्व्हरवरच्या बॅशमध्ये गेली की उघडी पडते.

या एका कोटची किंमत जगाने मोजली आहे. नोव्हेंबर २००१मध्ये ॲपलने मॅकसाठी आयट्यून्स २.० आणलं. त्याच्या इन्स्टॉलरमधल्या स्क्रिप्टमध्ये जुनी प्रत पुसणाऱ्या ओळीत डिस्कचं नाव कोटाशिवाय होतं. ज्यांच्या डिस्कच्या किंवा पार्टिशनच्या नावात स्पेस होती अशा काही जणांचा डेटाच पुसला गेला. ॲपलने ती आवृत्ती तातडीने मागे घेऊन २.०.१ दिली. २०११मध्ये लिनक्सवरच्या बम्बलबी या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एका मार्गाच्या मधोमध एक स्पेस जास्तीची पडली, आणि आरएमला ग्राफिक्सच्या एका कोपऱ्यातल्या डिरेक्टरीऐवजी सबंध यूएसआर डिरेक्टरी पुसण्याचा हुकूम गेला. लिहिणारे लोक नवशिके नव्हते.

तारकेविषयी मात्र एक गैरसमज सार्वत्रिक आहे. स्पेस असलेली नावं तारकेने फुटतात असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. तारकेच्या जागी शेल जी नावं भरतं ती पुन्हा तोडत नाही. म्हणून 'फॉर एफ इन *' हा लूप सुरक्षित आहे, आणि 'फॉर एफ इन $(एलएस)' हा सर्रास दिसणारा लूप धोक्याचा. दुसऱ्यात एलएसची छापील यादी मजकूर म्हणून येते आणि तिचे स्पेसवर तुकडे पडतात. यादी माणसाने वाचायची असते, प्रोग्रॅमने नव्हे.

तारकेचा खरा धोका हायफनशी आहे. फोल्डरमध्ये '-आरएफ' नावाची फाइल आहे आणि कुणी 'आरएम *' लिहिलं, तर आरएमला ते नाव म्हणून कळत नाही. हायफनने सुरू होणारं जे येईल ते पर्याय, एवढंच त्याला ठाऊक. मग ते पर्याय मानून फायलींबरोबर आतल्या डिरेक्टरीही विचारणा न करता पुसतं. जुन्या ॲडमिनांनी याच दोषाची ढाल केली होती. महत्त्वाच्या डिरेक्टरीत '-आय' नावाची रिकामी फाइल ते मुद्दाम ठेवत, म्हणजे कुणी तिथे 'आरएम *' चालवलं तर प्रत्येक फाइलला आधी विचारणा व्हावी. पण ढाल होते तिथे तलवारही होते. फायलींचं गाठोडं बांधणाऱ्या टार कमांडला कामाच्या मध्ये दुसरा प्रोग्रॅम चालवायला सांगणारा पर्याय आहे. त्या पर्यायाच्या नावाची फाइल तयार करून ठेवायची आणि ॲडमिनच्या रात्रीच्या बॅकअप स्क्रिप्टमधल्या तारकेने ती उचलावी याची वाट पाहायची, हा हल्ला २०१४मध्ये तपशीलवार प्रसिद्ध झाला.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, दोन हायफन:

आरएम -- -आरएफ

दोन हायफन म्हणजे पर्याय संपले, इथून पुढे फक्त नावं. दुसरा, नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ:

आरएम ./-आरएफ

आता शब्दाची सुरुवातच हायफनने होत नाही, त्यामुळे गोंधळाला जागा नाही. मला दुसरा उपाय अधिक पसंत आहे. दोन हायफन समजून घेणं कमांडच्या मर्जीवर आहे आणि सगळ्याच कमांड ते समजून घेत नाहीत; ./ मात्र कोणत्याही कमांडला चालतं. स्क्रिप्टमध्ये * ऐवजी ./* लिहायची सवय लावली की हा अख्खा प्रश्न मिटतो.

नव्या ओळीचा प्रश्न याच्याही पुढचा. नावात नवी ओळ असू शकते म्हटल्यावर 'एका ओळीत एक नाव' ही खूणगाठच खोटी ठरते. फायली शोधणाऱ्या फाइंडने दिलेली नावं एक्सआर्ग्जकडे, म्हणजे ती दुसऱ्या कमांडला पुरवणाऱ्या कमांडकडे, सोपवताना हे अंगावर येतं. भरीला एक्सआर्ग्ज स्पेसवरही तोडतं आणि अवतरणचिन्हांचाही अर्थ लावतं. यावरचा उपाय त्या दोन निषिद्ध बाइटांतच दडलेला होता. शून्य किमतीचा बाइट नावात कधीच येत नाही, मग दोन नावांमध्ये तोच घालावा. फाइंडला '-प्रिंट०' आणि एक्सआर्ग्जला '-०' सांगितलं की नावात काहीही असलं तरी अडत नाही. वर्षानुवर्षं हे पर्याय प्रमाणाबाहेर राहून वापरले गेले. पॉझिक्स या युनिक्स घराण्याच्या प्रमाणाच्या २०२४च्या आवृत्तीत त्यांना जागा मिळाली.

इथवरचे प्रश्न जगात सगळ्यांचे आहेत. देवनागरीत नावं देणाऱ्यांचे काही वेगळे आहेत आणि या विषयावरच्या इंग्रजी पुस्तकांत ते सहसा येत नाहीत. पहिला लांबीचा. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धत आखली. तिच्यात रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. काना, मात्रा आणि हलन्त यांचीही स्वतंत्र मोजदाद होते. 'महाराष्ट्र' या शब्दात दहा चिन्हं आहेत, म्हणजे तीस बाइट. लिनक्सच्या २५५ बाइटांत देवनागरीची पंच्याऐंशीच चिन्हं मावतात. विंडोजच्या एनटीएफएसवर मर्यादा बाइटांची नसून सोळा बिटांच्या एककांची आहे, त्यामुळे तिथे २५५ चिन्हं बसतात. शासन निर्णयाचा सबंध विषय नाव म्हणून दिलेली फाइल विंडोजवर नांदते आणि लिनक्सवर उतरवताना 'नाव फार लांब' म्हणून नाकारली जाते, ती यामुळे. यूटीएफ-८चा एक उपकारही नोंदवायला हवा. देवनागरीच्या कोणत्याही बाइटमध्ये तिरकी रेघ, स्पेस किंवा तारका चुकूनही येत नाही. म्हणून 'कविता' हे नाव शेलच्या दृष्टीने पूर्ण निर्धोक आहे. त्याला कोटसुद्धा लागत नाही. मराठी नाव दिलं म्हणून टर्मिनल बिघडतं, ही नुसती भीती आहे.

दुसरा प्रश्न अधिक चकवणारा. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हे दोन शब्द पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. पहिल्यात नुक्तावाला ऱ, हलन्त आणि य आहे. दुसऱ्यात साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पहिल्याचे बाइट एकवीस, दुसऱ्याचे चोवीस. कर्नल बाइट पाहतं, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये या दोन नावांच्या दोन वेगळ्या फायली सुखाने राहू शकतात. एका कीबोर्डवर दिलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डवर टंकलं की 'अशी फाइल नाही', आणि फाइल तर डोळ्यांसमोर. 'ॲप'चंही तसंच. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी अ-वर चंद्र देऊन काम भागत असे. दोन्ही रूपं आजही वापरात आहेत आणि युनिकोडच्या नियमांनी ती एकमेकांशी समान धरली जात नाहीत. अशा वेळी पुन्हा पुन्हा टंकून उपयोग नाही. 'एलएस दुस*' लिहून तारकेला शोधू द्यावं, आणि शंका आलीच तर यादी एक्सएक्सडीमधून काढून बाइट पाहावेत.

न दिसणाऱ्या चिन्हांचा त्रास एकट्या मराठीला नाही. अलीकडच्या मॅकवर बारा तासांचं घड्याळ लावलं असेल तर स्क्रीनशॉटच्या नावात वेळ आणि एएम-पीएम यांच्यामध्ये साधी स्पेस नसते. तिथे एक अरुंद, न तुटणारी स्पेस असते, तीन बाइटची. स्पेसबार दाबून ती उमटत नाही. आणि एखाद्या नावात टंकताच न येणारी चिन्हं असतील तर नावाला वळसा घालून फाइलच्या क्रमांकाने तिला गाठता येतं. 'एलएस -आय' ने क्रमांक पाहायचा आणि तो फाइंडला द्यायचा:

फाइंड . -आयनम १२३४५६ -एक्झेक आरएम -आय {} \;

चौदा बाइटांच्या नावाशेजारी जे दोन बाइट होते, त्यांचाच हा वारसा. फाइलची खरी ओळख तो क्रमांक. नाव ही त्याच्यावर लावलेली चिठ्ठी.

मग हा सगळा सैलपणा मुळातच बंद का करू नये? डेव्हिड व्हीलर यांनी हा मुद्दा सविस्तर मांडला आहे: नियंत्रण चिन्हं, नवी ओळ, सुरुवातीचा हायफन यांवर सिस्टिमनेच बंदी घालावी. २०२४चं पॉझिक्सही नावात नवी ओळ असलेली फाइल तयार करू न देण्याकडे कमांडना वळवतं. माझं मत इतपत त्यांच्या बाजूने आहे. नावात नवी ओळ कुणाला मनापासून हवी असते? पण ही बंदी स्पेसपर्यंत आणि रोमनेतर लिप्यांपर्यंत येता कामा नये. विंडोजने तारका, प्रश्नचिन्ह, उभी रेघ यांसह नऊ चिन्हं नावांतून वर्ज्य केली, 'कॉन' आणि 'ऑक्स' यांसारखी जुन्या उपकरणांची नावं राखून ठेवली; तरी स्पेसचा प्रश्न तिथल्या कमांड लाइनलाही सुटला नाही. बंदीने प्रश्न लहान होतो, सुटत नाही. दरम्यान हत्यारं सुधारत आहेत. कोअरयुटिल्स या कमांडसंचाच्या २०१६च्या ८.२५ आवृत्तीपासून लिनक्सवरचं एलएस अवघड नावं पडद्यावर सिंगल कोटमध्ये दाखवतं. तेव्हा यावर बरीच कुरकुर झाली. मला तो बदल योग्य वाटतो: नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे त्यामुळे नजरेला कळतं.

पुढची प्रकरणं याच क्रमाने लावली आहेत: आधी एक नाव हाताने टंकणं, मग तारका आणि हायफन, मग स्क्रिप्ट, मग फाइंड आणि एक्सआर्ग्ज, आणि शेवटी देवनागरी नावं व न दिसणारी चिन्हं. रोज टर्मिनल न वापरणाऱ्याने पहिली दोन वाचली तरी चालेल. दुसऱ्यांच्या फायली ज्याच्या स्क्रिप्टमधून जातात त्याने एकही गाळू नये. छायाचित्रांचा संग्रह सांभाळणारे, ग्रंथालयांत स्कॅनिंग करणारे, कार्यालयाचा बॅकअप घेणारे असे सगळे त्यात आले.

वाचताना एक रिकामं फोल्डर तयार करा आणि त्यात मुद्दाम वाईट नावांच्या फायली ठेवा: स्पेसची, हायफनची, कोटाची, नव्या ओळीची, दोन्ही प्रकारच्या 'दुसऱ्या'ची. प्रत्येक कमांड आधी त्यांच्यावर चालवून पाहा, आणि आरएमच्या जागी पहिल्यांदा नेहमी एलएस लिहा. व्हेरिएबलभोवती डबल कोट, तारकेआधी ./ आणि फाइंडबरोबर शून्य बाइट, या तीन सवयी हाताला लागल्या की लोकांना त्यांच्या फायलींची नावं बदलायला सांगण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही.